पहिला सामना जिंकलात तर

"दबा के रख! छोड़ मत, छोड़ मत!"

बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या अँफीथिएटर मैदानावर डाव्या कडेनं विंगर सुटला आहे आणि पायऱ्यांवर बसलेली चार-पाच मुलं घसा फोडताहेत. प्रेक्षक एवढेच. विंगर मणिपूरचा आहे. अंगानं काटकुळा, पण चेंडू पायाला चिकटलेला. तो आत वळतो आणि समोरच्या बॅकच्या दोन पायांमधून चेंडू काढतो. मारतो मात्र सरळ गोलकीपरच्या हातात. पायऱ्यांवरून एक लांब "अरे गुरूऽऽ" येतो. बनारसमध्ये या एका शब्दात शाबासकी, शिवी आणि सहानुभूती एकदमच मावते.

डिसेंबर आहे, दुपारचे तीन वाजून गेलेत. ऊन आहे पण त्याला धार नाही. सकाळी इथं इतकं धुकं होतं की या गोलपोस्टवरून ती गोलपोस्ट दिसत नव्हती, म्हणून सराव सामना दुपारवर ढकलला. समोरचा संघ सारनाथहून आलेल्या तिबेटी मुलांचा. सारनाथला 1967 पासून तिबेटी विद्येची संस्था आहे. तिथली ही मुलं दिवसा न्यायशास्त्रावर वादविवाद करतात आणि मैदानावर अजिबात वाद घालत नाहीत. रेफ्रीनं चुकीचा थ्रो-इन दिला तरी हसून चेंडू देऊन टाकतात. धावतात मात्र न थांबता. अर्ध्या वेळेला गोल एक-एक आहेत आणि दमलेला दिसतो तो विश्वविद्यालयाचा संघ.

संत्र्याच्या फोडी वाटल्या जातात. राइट बॅक माझ्याशेजारी येऊन बसतो, शिनगार्ड काढतो. त्याच्याशी ओळख झाली ती मराठीमुळे. कोल्हापूरचा आहे, कृषी विज्ञान संस्थेत मृदाशास्त्र शिकतो.

"काका, आमच्यात पाटाकडील तालीम आन् दिलबहार तालमीची मॅच म्हटलं की माणसं दुकानाचं शटर ओढून शाहू स्टेडियमला येत्यात," तो म्हणतो. "हितं गोल मारला तर कावळा बी ओरडत न्हाई."

त्याचं दुःख खरं आहे. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो, तालमीचा असतो, हरलं तर गल्लीत तोंड लपवून चालावं लागतं. बनारस हे हॉकीचं आणि आखाड्यांचं शहर. 1980च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्या संघातला मोहम्मद शाहिद इथला. टोकियो आणि पॅरिसहून कांस्यपदकं आणणारा ललित उपाध्यायही इथलाच. फुटबॉल खेळतात ती मुख्यतः बाहेरची, वसतिगृहात राहणारी मुलं: बंगाल, मणिपूर, केरळ, झारखंड. मालवीयजींनी 1916 साली उभं केलेलं हे विश्वविद्यालय देशभरातून मुलं ओढून आणतं, आणि त्यांच्या सामानात बूटही येतात. इंजिनिअरिंगवाले तेवढे या संघात नाहीत. 2012 साली त्यांची संस्था आयआयटी झाली; आता त्यांची सगळी धडपड आंतर-आयआयटी स्पर्धेसाठी.

शहराच्या नावाचा व्यावसायिक क्लब आहे, इंटर काशी. 2023 साली स्थापन झाला आणि आय-लीगमध्ये उतरला. 2024-25चं विजेतेपद आधी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सना मिळालं होतं. जुलै 2025मध्ये लॉझानच्या क्रीडा लवादानं ते इंटर काशीला दिलं. पण त्या हंगामात काशीचे घरचे सामने झाले बंगालमधल्या कल्याणीत. राइट बॅकला हे सांगतो तेव्हा तो नुसता हसतो. त्याला ठाऊक आहे.

शिट्टी. दुसरा अर्धा सुरू.

आता कोच उभे आहेत, हातात वही. उद्या-परवा पूर्व विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निघायचं आहे आणि अंतिम यादी आजच लागायची आहे. त्यामुळे बेंचवरचा प्रत्येकजण विनाकारण वॉर्मअप करतो आहे. या स्पर्धेची रीत विचित्र. आधी बाद फेऱ्या, मग उरलेल्या चौघांची साखळी, आणि तिथून अखिल भारतीय फेरी. विद्याशाखांचे आपसातले सामने, निवड चाचणी, पहाटेचं धावणं, मेसमध्ये भांडून मिळवलेली जास्तीची अंडी, हे सगळं करून पहिल्याच दुपारी हरलात की हंगाम खलास. परतीची गाडी. वर्षभर राबणाऱ्या मुलांना निदान तीन सामने तरी खेळायला मिळायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. पैसा आणि मैदानं नाहीत ही सबब मला पटत नाही. क्रिकेटसाठी दोन्ही सापडतात.

मैदानावर कॉर्नर. चेंडू उंच येतो, गर्दीत कुणाचं तरी डोकं लागतं, आडव्या दांड्याला आपटून खाली पडतो आणि कोल्हापूरकर त्याला गुडघ्यानं आत ढकलतो. देखणा नाही, पण गोल. पायऱ्यांवरून "हर हर महादेव!" उठतं. त्यात आवाज मिसळणारा एकजण थोड्या वेळापूर्वी मला सांगत होता की तो कोट्टायमचा ख्रिश्चन आहे. राइट बॅक माझ्याकडे बघून मूठ दाखवतो. कावळा नाही, निदान मी तरी ओरडलो.

दोन-एक. सामना संपतो, हात मिळवले जातात. सारनाथची मुलं सायकली काढतात.

कोच सगळ्यांना गोल बसवतात आणि यादी वाचतात. नाव आलं की मुलगा खाली मान घालून गवत उपटतो. न आलेला लगेच बुटाची नाडी सोडायला घेतो. राइट बॅकचं नाव राखीव खेळाडूंमध्ये येतं. तो काही बोलत नाही, फक्त शेजारच्याच्या पाठीवर थाप मारतो, कारण शेजारचा पहिल्या अकरांत आहे.

मग गोलकीपर हात वर करतो. बंगाली आहे, चष्मा आत्ताच लावला आहे.

"सर, दूसरे मैच के दिन मेरा वाइवा है."

"पहले मैच का सोचो," कोच वही मिटतात. "हार गए तो वाइवा आराम से दे लेना."

"जीतेंगे न सर, तभी तो पूछ रहे हैं."

कोच पुन्हा वही उघडतात आणि विभागप्रमुखांना लिहायच्या अर्जाचा मजकूर त्याला सांगू लागतात.