पसंतीक्रम भरण्यापूर्वीचा हिशेब

बारावीनंतर अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या कोल्हापूरच्या मध्यम उत्पन्न कुटुंबापुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे असतात, कुठे नंबर लागेल आणि तिथली चार वर्षे परवडतील का. पण घरोघर चर्चा होते ती पहिल्याची, आणि दुसरा आठवतो तो पैसे भरायची वेळ आल्यावर.

पहिल्याचे उत्तर बरेचसे आकड्यांत सापडते. राज्याच्या सीईटीतील पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे; 92 पर्सेंटाइल याचा अर्थ, परीक्षार्थींपैकी सुमारे 92 टक्के जण त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. कॅप, म्हणजेच केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, हिच्या प्रत्येक फेरीनंतर कटऑफ जाहीर होतो, म्हणजे त्या शाखेतील शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलवर झाला ते कळते. आपल्या प्रवर्गाचे आणि विद्यापीठ क्षेत्राचे मागील दोन-तीन वर्षांचे कटऑफ शेजारी मांडले, तर सांगलीचे वालचंद, कराडचे शासकीय महाविद्यालय आणि कोल्हापुरातील केआयटी यांपैकी काय आवाक्यात आहे याचा अंदाज बांधता येतो. मात्र 2025 साली कॅपच्या चार फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीत पहिली, दुसरीत पहिल्या तिनांतील, तर तिसरीत पहिल्या सहांतील पसंती मिळाल्यास ती जागा बंधनकारक ठरली. म्हणून ‘बघू तर खरं’ म्हणत वर लिहिलेला, न परवडणारा पर्याय गळ्यात पडण्याचा धोका आता खरा आहे.

येथेच दुसरा प्रश्न पहिल्यात मिसळतो. ज्यांचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना 2024-25 पासून याच उत्पन्नमर्यादेत ती पूर्ण मिळू लागली. प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. याखेरीज टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, पाच टक्के जादा जागा असतात. पसंतीच्या अर्जात त्यांचा संकेतांक वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर येते, ते नजरेतून सुटले की मोठी संधी हुकते. या जागांचा कटऑफ सहसा चढाच असतो, आणि माफी फक्त शिक्षण शुल्काची असल्याने विकास शुल्क भरावेच लागते.

शुल्काइतकाच, कधी त्याहून मोठा, खर्च राहण्या-जेवणाचा असतो, हे कोल्हापूरला नव्याने सांगायला नको. 1901 साली येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहे उभी राहिली, ती याच जाणिवेतून. घरून डबा घेऊन बसने गोकुळ शिरगावच्या केआयटीला जाणारा विद्यार्थी आणि पुण्यात खोली भाड्याने घेणारा विद्यार्थी, या दोघांच्या चार वर्षांच्या खर्चात जो फरक पडतो, तो कटऑफच्या दोन-चार पर्सेंटाइलच्या मोबदल्यात सार्थकी लागतो का, हे शाखा आणि महाविद्यालय पाहून आधीच ठरवायला हवे.

खरी कोंडी होते ती आठ लाखांच्या रेघेवर. शिक्षक दांपत्याचे उत्पन्न या रेघेच्या थोडे वर गेले की शिष्यवृत्ती, शुल्कमाफी आणि पीएम विद्यालक्ष्मी योजनेतील दहा लाखांपर्यंतच्या कर्जावरची तीन टक्के व्याजसवलत, सारे एकदमच हातचे जाते. हा अन्याय आहे. आठ लाखांपर्यंत निम्मी सवलत असेल, तर त्यापुढच्या दोन लाखांपर्यंत निदान चौथाई असावी, ही मागणी शासनाकडे करायला शाहू महाराजांच्या गावाने पुढे यावे.