जर्मन लोकांची यादी आहे, पण स्कॉट्स-आयरिश लोकांची नाही. मग ३०० वर्षांनंतर अमेरिकन कुटुंबं आपलं मूळ गाव शोधतात कशी?

अमेरिकेच्या २० डॉलरच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे ते अँड्र्यू जॅक्सन, अमेरिकेचे ७ वे राष्ट्राध्यक्ष. त्यांचे आई-वडील १७६५ च्या सुमारास उत्तर आयर्लंडमधल्या कॅरिकफर्गस भागातून अमेरिकेत आले. पण ते नेमक्या कोणत्या बंदरात उतरले यावर आजही एकमत नाही. खुद्द जॅक्सन यांचा जन्म १७६७ साली वॅक्सहॉज भागात झाला. ही वस्ती दोन वसाहतींच्या सीमेवर होती, त्यामुळे नॉर्थ कॅरोलिना म्हणतं आमच्याकडे झाला आणि साउथ कॅरोलिना म्हणतं आमच्याकडे.

आता जो माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, त्याच्याबाबतीत ही गत असेल, तर त्याच काळात आलेल्या साध्या शेतकऱ्याचा माग काढायचा कसा?

आधी हे स्कॉट्स-आयरिश नेमके कोण ते बघू

१६०९ पासून इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात जप्त केलेल्या जमिनींवर नवे लोक वसवायला सुरुवात केली. यात स्कॉटलंडच्या सखल भागातले शेतकरी मोठ्या संख्येने होते. हे लोक प्रेस्बिटेरियन पंथाचे.

पण सरकारी चर्च अँग्लिकन होतं. १७०४ च्या कायद्यानंतर अँग्लिकन चर्चचा विधी पाळल्याशिवाय सरकारी पद मिळेना. दुसऱ्याच्या चर्चला दशमांश कर द्यायचा, स्वतःच्या धर्मगुरूने लावलेल्या लग्नावर मात्र आक्षेप घेतला जायचा. त्यात जमिनीचे जुने भाडेपट्टे संपले आणि जमीनदारांनी खंड वाढवला. दुष्काळी वर्षं आली.

१७१८ मध्ये अल्स्टरमधल्या लोकांना घेऊन जहाजं बॉस्टनला पोहोचली आणि मग १७७५ पर्यंत लाटांमागून लाटा येत राहिल्या. यातले बहुतेक फिलाडेल्फिया आणि आसपासच्या बंदरांत उतरले. कारण व्यापाराचं होतं. अमेरिकेतून जहाजं अळशीचं बी घेऊन अल्स्टरला जायची, कारण तिथे लिननचा धंदा जोरात होता. परत येताना तीच जहाजं माणसं भरून आणायची.

मग यादी का नाही?

पेनसिल्व्हेनियात १७२७ पासून जर्मन पुरुषांना उतरल्यावर राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागायची, कारण ते परके होते. त्या याद्या आजही आहेत. स्कॉट्स-आयरिश मात्र ब्रिटिश राजाचेच प्रजाजन. एका ब्रिटिश मुलखातून दुसऱ्या ब्रिटिश मुलखात आलेल्या माणसाची नोंद कोण कशाला ठेवणार? अमेरिकेत प्रवाशांच्या याद्या देणं सक्तीचं झालं ते १८१९ च्या कायद्याने.

१७९० च्या पहिल्या जनगणनेतही फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बायको-मुलं म्हणजे नुसते आकडे. कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला सुरुवात झाली १८५० मध्ये.

त्यामुळे शोध जहाजापासून नाही, जमिनीपासून सुरू होतो

या लोकांना जमीन हवी होती, आणि जमिनीला कागद लागतो. पेनसिल्व्हेनियात आधी मोजणीचा आदेश म्हणजे वॉरंट, मग प्रत्यक्ष मोजणी आणि शेवटी मालकीचं पेटंट अशी पद्धत होती. मोजणीच्या नकाशावर चतु:सीमेच्या शेजाऱ्यांची नावं असतात. अनेकजण कागदाशिवाय जमीन धरून बसायचे, तेव्हा कर भरल्याच्या याद्या उपयोगी पडतात.

पुढे चांगली जमीन महाग झाली, तशी ही कुटुंबं ग्रेट वॅगन रोडने दक्षिणेला सरकली. लँकेस्टर, यॉर्क, तिथून व्हर्जिनियाचं शेनांडोआ खोरं आणि मग कॅरोलिना. म्हणजे एकाच कुटुंबाचे कागद चार-चार ठिकाणी विखुरलेले.

व्हर्जिनियात एक सोय होती. स्वखर्चाने आलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमिनीचा हक्क मिळायचा, पण त्यासाठी कोर्टात शपथेवर सांगावं लागायचं. १७४० च्या सुमारास ऑरेंज काउंटीच्या कोर्टात अनेकांनी आपण आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आल्याचं सांगितलं, आणि काहींनी बायको-मुलांची नावंही दिली. जिथे हरवलेल्या प्रवासी यादीची जागा दुसरा कागद भरून काढतो, अशा थोड्या जागांपैकी ही एक.

यातले बरेच लोक राहायचे ते ऑगस्टा काउंटीच्या हद्दीत. पण तिचं कोर्ट सुरू झालं १७४५ मध्ये. म्हणून त्याआधीचे कागद ऑरेंजमध्ये सापडतात. काउंटीची हद्द कधी बदलली हे आधी बघायचं, हा इथला पहिला नियम.

दुसरी जागा साउथ कॅरोलिना. तिथल्या सरकारने १७६१ च्या कायद्याने प्रोटेस्टंट लोकांच्या प्रवासाचा खर्च उचलायची योजना आणली. पैसे सरकारचे, त्यामुळे नावं सरकारी इतिवृत्तात आली. १७७२ मध्ये रेव्हरंड विल्यम मार्टिन यांच्यासोबत पाच जहाजांतून अल्स्टरची हजाराहून जास्त माणसं आली. यातल्या अनेकांना मिळालेल्या जमिनींच्या नोंदी आहेत.

तिसरा आधार म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे पेन्शन अर्ज. १८३२ च्या कायद्याखाली अर्ज करताना जन्म कुठे आणि कधी झाला हे विचारलं जायचं. म्हाताऱ्या सैनिकाने स्वतः सांगितलेलं गाव तिथे सापडू शकतं.

खरा घोळ होतो तो नावांमुळे

या समाजात नावं ठेवायची एक रीत होती. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. म्हणजे एका आजोबाला चार मुलगे असतील, तर एकाच खोऱ्यात एकाच वयाचे एकाच नावाचे चार नातू. त्यात स्पेलिंग लिहिणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर.

म्हणूनच इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत हमखास चूक होते. पेनसिल्व्हेनियातला एक जॉन आणि अल्स्टरमधला दुसरा जॉन नुसत्या नावावरून जोडले जातात. मग ते झाड शेकडो लोक कॉपी करतात आणि शंभर ठिकाणी दिसतंय म्हणजे खरंच असणार असं वाटायला लागतं. मूळ पुरावा मात्र शून्य.

यावर अभ्यासकांचा उपाय म्हणजे एका माणसाऐवजी त्याच्या गोतावळ्याचा माग काढणं. ही माणसं एकेकटी फार कमी फिरायची. भाऊ, मेव्हणे, शेजारी, कधीकधी अख्खी मंडळी धर्मगुरूसह निघायची. जॅक्सन यांचे आई-वडील वॅक्सहॉजला गेले, कारण आईच्या बहिणी तिथे होत्या. त्यामुळे मृत्युपत्रावर साक्षीदार कोण, जामीन कोण राहिलं, शेजारची जमीन कुणाची, हे सगळं टिपायचं. आपल्या पूर्वजाचं गाव कागदावर नसेल, पण त्याच्या मेव्हण्याचं असू शकतं.

आणि आयर्लंडमधले कागद?

३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स परिसरातलं सरकारी दप्तरखाना जळाला. असंख्य मृत्युपत्रं आणि अँग्लिकन चर्चच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या गेल्या. पण सगळंच जळालं हे खरं नाही. प्रेस्बिटेरियन नोंदवह्या बहुतांशी त्या त्या चर्चकडे होत्या. अडचण अशी की त्यातल्या बऱ्याच सुरूच होतात १८०० नंतर, म्हणजे लोक निघून गेल्यावर. १७४० आणि १७६६ च्या कुटुंबप्रमुखांच्या याद्यांच्या काही भागाच्या नकला वाचल्या, त्या बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात बघता येतात. २०२२ पासून हरवलेल्या कागदांच्या नकला गोळा करणारं एक मोफत ऑनलाइन दालनही सुरू झालंय.

राहिला डीएनए. आठ पिढ्यांमागच्या एका पूर्वजाकडून सरासरी अर्ध्या टक्क्याहून कमी डीएनए येतो, त्यामुळे साध्या चाचणीवर फार विसंबता येत नाही. वडिलांकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र मात्र फारसं बदलत नाही. एकाच आडनावाची दोन घराणी एक की वेगळी, हे त्यावरून कळू शकतं. नेमका पूर्वज कोण, हे मात्र कागदच सांगतो.

एवढं करूनही अनेक कुटुंबांच्या शोधाचा शेवट एकाच शब्दावर होतो, आयर्लंड. गाव नाही, चर्च नाही. अशा वेळी जाणकार ती जागा कोरी ठेवतात. कारण कोरी जागा उद्या एखादा कागद सापडला तर भरता येते. चुकीचं नाव एकदा शंभर झाडांवर चढलं, की ते खाली उतरवणं कुणाच्याच हातात राहत नाही.