जेईई की सीईटी? आधी कॉलेज ठरवा, मग परीक्षा

नाशिकजवळचं एकलहरे औष्णिक वीज केंद्रासाठी ओळखलं जातं. तिथेच मातोश्री अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. बारावी सायन्सच्या एखाद्या मुलीला घराजवळच्या या कॉलेजात जायचं असेल, तर तिच्यासाठी मुख्य परीक्षा एमएचटी-सीईटी. नागपूरच्या व्हीएनआयटीत जायचं असेल, तर जेईई मेन. म्हणजे कोणती परीक्षा द्यायची, हे कुठे शिकायचं यावर ठरतं.

कोणत्या परीक्षेने कुठे प्रवेश?

जेईई मेन ही राष्ट्रीय परीक्षा एनटीए घेते. एनआयटी आणि पुणे-नागपूरसारख्या ट्रिपल आयटीचे प्रवेश तिच्यावर होतात. आयआयटीसाठी मेनमधले वरचे सुमारे अडीच लाख विद्यार्थी पुढे जेईई ॲडव्हान्स्ड देतात.

एमएचटी-सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय आणि राज्यातली खासगी कॉलेजं इथल्या बहुतेक जागा याच गुणांवर ‘कॅप’ फेऱ्यांतून भरल्या जातात. खासगी विनाअनुदानित कॉलेजांतल्या अखिल भारतीय जागांसाठी मात्र जेईई मेनला प्राधान्य असतं. त्यामुळे जेईईचे गुण राज्यातही उपयोगी पडू शकतात.

महाराष्ट्राने एकदा एकच परीक्षा ठेवून पाहिली होती. 2014 आणि 2015 मध्ये राज्यातले अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेनवर झाले. 2016 पासून पुन्हा सीईटी आली.

पेपरमध्ये काय फरक?

सीईटीच्या पीसीएम गटात 150 प्रश्न आणि 200 गुण असतात. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला 2 गुण, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नाला 1 गुण. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. साधारण 80 टक्के भाग बारावीचा, 20 टक्के अकरावीचा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

जेईई मेनमध्ये 75 प्रश्न, 300 गुण. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला 1 कापला जातो. अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो आणि एकाच प्रश्नात दोन-तीन संकल्पना येऊ शकतात.

भाषेचंही पाहा. जेईई मेनची प्रश्नपत्रिका 2021 पासून मराठीतही मिळते. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मराठीत घेता येतं, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो.

पर्सेंटाइलचा गोंधळ

90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. परीक्षा देणाऱ्या शंभरातले नव्वद विद्यार्थी तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जेईईची स्पर्धा देशभरातल्या मुलांशी, सीईटीची वेगळ्या गटाशी. त्यामुळे ‘जेईईत 85 आले, सीईटीत 95 आले’ अशी तुलना करून मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही.

बोर्डाला विसरू नका

एनआयटीसाठी बारावीला 75 टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी 65) किंवा आपल्या बोर्डात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी संबंधित विषयांत 45 टक्के, राखीव प्रवर्गांना 40 टक्के पुरतात. क्लासच्या टेस्टमागे धावताना बोर्ड हातचं गेलं, तर प्रवेश परीक्षेतले चांगले गुणही कामाला येत नाहीत.

मग ठरवायचं कसं?

आधी पाच कॉलेजांची यादी करा आणि त्यांचे गेल्या वर्षीचे कटऑफ पाहा. पाचही राज्यातली असतील, तर अभ्यासाचा मुख्य वेळ सीईटी आणि बोर्डाला द्या. यादीत एनआयटी किंवा आयआयटी असेल, तर जेईईची तयारी अकरावीपासूनच हवी. बारावीच्या दिवाळीनंतर ती नव्याने सुरू केली तर दोन्हीकडे ओढाताण होते.

दोन्ही परीक्षा देता येतात आणि अनेक जण देतात. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते, त्यातला चांगला स्कोअर धरला जातो. पण दोन्ही अर्ज भरणं वेगळं आणि दोन्हींना सारखाच वेळ देणं वेगळं.

डॉक्टर व्हायचं असेल, तर हा पर्यायच नाही. एमबीबीएससाठी नीट लागते. सीईटीचा पीसीबी गट फार्मसी, कृषी अशा अभ्यासक्रमांसाठी असतो.

अर्जाच्या तारखा आणि नियम दरवर्षी बदलू शकतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या वेळापत्रकावर विसंबू नका, एनटीए आणि सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची सूचनाच पाहा.