सख्ख्या भाषा आणि शेजारी भाषा

पिंपरीच्या बाजारपेठेत घटकाभर उभे राहिले तर कानावर दोन भाषा पडतात. गिऱ्हाईक मराठीत भाव विचारते, दुकानदार मराठीतच उत्तर देतो, आणि लगेच मागे वळून घरच्या माणसाशी सिंधीत बोलू लागतो. त्या बोलण्यातले एखाददुसरे शब्द मराठी माणसास कळतात; बाकीचे परके वाटतात. त्यातून सिंधी घरातील वडीलधाऱ्यांची उजवीकडून डावीकडे लिहिलेली एखादी जुनी वही दृष्टीस पडली, की ही भाषा अरबी-फारशीच्या घराण्यातली असा त्याचा ग्रह होऊन बसतो. हा ग्रह कितपत खरा, हे पाहण्यापूर्वी भाषांचे नाते कोणत्या कसोटीवर ठरवावे याचा विचार केला पाहिजे.

त्यासाठी प्रथम एक दूरचे उदाहरण घ्यावे. कारण दूरच्या गोष्टीविषयी मनात पूर्वग्रह कमी असतात. चीन व फिलिपाईन्स हे समुद्रशेजारी देश. दक्षिण चीनमधील फूज्यान प्रांतातील व्यापारी कित्येक शतके फिलिपाईन्सला जात आले, आणि त्यांच्या होक्क्येन बोलीतील पुष्कळ शब्द तेथे रुजले. टागालोग भाषेवर उभारलेल्या फिलिपिनो या राष्ट्रभाषेत थोरल्या बहिणीला ‘आते’ व थोरल्या भावाला ‘कुया’ म्हणतात. हे दोन्ही शब्द चिनी वळणाचे आहेत. ‘पान्सित’ आणि ‘लुम्पिया’ हे खाद्यपदार्थांचे शब्दही तिकडचेच. एवढ्यावरून कोणी या दोन भाषांना बहिणी ठरवील, तर तो फसेल.

चिनी भाषेत शब्दाचे रूप पालटत नाही. ‘गेला’ आणि ‘जाईल’ या दोहोंस क्रियापद एकच. काळ कळतो तो ‘काल’, ‘उद्या’ अशा शब्दांवरून किंवा जोडीला ठेवलेल्या एखाद्या अव्ययावरून. उलट स्वराच्या चढउताराने अर्थ बदलतो. उत्तर चीनच्या प्रमाणभाषेत ‘मा’ हा उच्चार चार सुरांत केला तर आई, ताग, घोडा आणि रागे भरणे असे चार अर्थ होतात. फिलिपिनोत सुरांचा असा व्यवहार नाही. तेथे धातूच्या आधी, पोटात आणि शेवटी प्रत्यय शिरतात. ‘सुलात’ म्हणजे लिहिणे. त्याचे ‘सुमुलात’, ‘सिनुलात’, ‘सुसुलात’ असे होत जाते. अंक मोजू लागावे, तर चिनी माणूस ‘यी, अर्, सान्’ म्हणतो, फिलिपिनो ‘इसा, दलावा, तत्लो’ म्हणतो. शब्द उसने आले; घराची बांधणी वेगळीच राहिली. फिलिपिनोत ‘गुरो’ म्हणजे शिक्षक व ‘मुखा’ म्हणजे चेहरा. हे शब्द मूळचे संस्कृत. म्हणून ती भाषा मराठीची बहीण होत नाही.

हाच प्रकार आपल्या दाराशीही घडलेला आहे. मराठी व कानडी यांचा शेजार फार जुना. ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ हे शब्द मराठीने कानडीकडून घेतले. म्हणजे फिलिपिनो माणसाप्रमाणे मराठी माणसानेही थोरल्या भावंडांस हाक मारावयास शेजाऱ्याचाच शब्द उचलला. ‘तूप’ आणि ‘अडकित्ता’ हेही त्याच वाटेने आले. परंतु कानडी माणूस एक, दोन, तीन यांस ‘ओंदु, एरडु, मूरु’ म्हणतो. हाताला ‘कै’, कानाला ‘किवि’, नाकाला ‘मूगु’ म्हणतो. कानडी द्राविड कुळातली, मराठी आर्य कुळातली. सलोखा शेजाराचा आहे, रक्ताचा नव्हे.

आता पिंपरीकडे वळावे. सन १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून निघालेल्या कुटुंबांसाठी येथे निर्वासितांची छावणी वसली. त्या वस्तीला आजही ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतात. पुढे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना येथे झाली, कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली, आणि प्रांतोप्रांतीच्या भाषा या पट्ट्यात येऊन मिळाल्या. तथापि सिंधी ही त्यांतली जुनी रहिवासी होय. आणि सिंध हा प्रांतही महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नव्हता. १८४७ पासून १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यातच मोडत होता.

कानडीला लावलेली कसोटी सिंधीस लावून पाहावी. हाताला सिंधीत ‘हथु’, कानाला ‘कनु’, नाकाला ‘नकु’, कामाला ‘कमु’ म्हणतात. सातला ‘सत’ आणि आठला ‘अठ’. येथे केवळ साम्य नाही; साम्याला नियम आहे. संस्कृत ‘हस्त’, ‘कर्ण’, ‘सप्त’ यांची प्राकृतात ‘हत्थ’, ‘कण्ण’, ‘सत्त’ अशी रूपे झाली. पुढे जोडाक्षर सुटले तेव्हा मराठीने मागचा स्वर दीर्घ केला, सिंधीने तो ऱ्हस्वच ठेवला. उसन्या शब्दांत असा नियम ओळीने सापडत नाही. तो एका आईच्या लेकींतच सापडतो. हिंदीत ‘पानी’ आणि ‘करना’ झाले. सिंधी व मराठी या दोघींनी ‘ण’ सांभाळला. म्हणून ‘पाणी’ दोन्हीकडे पाणीच, आणि ‘करणे’ तिकडे ‘करणु’.

व्याकरणातही हेच दिसते. ‘रामाचा भाऊ, रामाची बहीण’ हे सिंधीत ‘राम जो भाउ, राम जी भेण’ असे होईल. आपला ‘चा-ची’ जसा पुढील नामाच्या लिंगावर बदलतो, तसाच त्यांचा ‘जो-जी’ बदलतो. कानडीत ‘रामन तम्म, रामन तंगि’. धाकटा भाऊ असो वा धाकटी बहीण, ‘रामन’ हलत नाही. शाळेच्या इतिहासात प्रत्येकाने घोकलेल्या ‘मोहन-जो-दडो’ या नावातला ‘जो’ तो हाच. सिंधी लोक त्यास ‘मुअन जो दडो’, म्हणजे मेलेल्यांचे टेकाड, असे म्हणतात. सिंधी षष्ठीचा प्रत्यय मराठी मुले अशा रीतीने नकळत पाठ करीत आली आहेत.

बहिणी झाल्या तरी स्वभाव एक नसतो. मराठीत तीन लिंगे, सिंधीत दोनच. सिंधी शब्द बहुधा ऱ्हस्व स्वरावर टेकतो. ‘घर’ तेथे ‘घरु’ होते. मराठीचा ‘ळ’ प्रमाण सिंधीत नाही. उलट श्वास आत ओढून उच्चारावयाचे चार वर्ण मराठीत नाहीत. शिवाय ‘दिसणे’ या शब्दाचा भाऊ ‘ॾिसणु’ याचा तिकडे अर्थ ‘पाहणे’ असा आहे. तेव्हा ओळखीच्या शब्दावरही डोळे मिटून विसंबता येत नाही.

राहता राहिली लिपी. लिपी हा भाषेचा अंगरखा होय. इंग्रजी अमदानीत, १८५३ साली, सिंधीसाठी अरबी वळणाची बावन्न अक्षरांची वर्णमाला ठरविण्यात आली. सिंधमध्ये शिकलेली पिढी तीच लिहीत आली. १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि भारतात ती अरबी व देवनागरी या दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. परंतु सिंधी घरांतील जी मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत वाढली, त्यांतील पुष्कळांना आजोबांची अक्षरे वाचता येत नाहीत. पेटीत जपलेली वही घरातच मुकी होते. शेजारच्या मराठी मुलाला ती परकी वाटावी यात नवल नाही. पण ती स्वतःच्या नातवालाही परकी व्हावी, ही खरी हानी आहे.

या हानीवरचा उपाय अवघड नाही. आजोबांनी वाचावे आणि नातवाने ते देवनागरीत उतरून घ्यावे. जी देवनागरी तो शाळेत शिकला, तीत ॻ, ॼ, ॾ, ॿ ही खाली रेघ दिलेली चार अक्षरे मिळविली की सिंधीचे ते चार खास वर्ण लिहिता येतात. वाचणारे आजोबा आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे. आणि शेजारच्या मराठी मुलाने ते लेखन सहज हाती घेतले, तर ‘हथु’, ‘कनु’, ‘पाणी’ वाचताना ही भाषा शेजारची नसून घरचीच आहे, हे त्याला कोणी वेगळे सांगावयास नको.