बोरॉन आणि प्रकाश देणारे प्लॅस्टिक

सोनार दागिन्याला डाक लावताना सांध्यावर टाकणखार लावतो. कॅरमच्या पटावर सोंगट्या घसराव्यात म्हणून आपण जी पांढरी पूड टाकतो, ती बहुधा बोरिक अम्लाची असते. या दोन्हींमध्ये बोरॉन नावाचे मूलद्रव्य आहे. इतक्या जुन्या ओळखीच्या या मूलद्रव्यावर रसायनशास्त्रज्ञांनी एक नवेच काम सोपविले आहे. ते काम म्हणजे प्लॅस्टिकातून प्रकाश काढावयाचा. ते कसे साधते, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

प्लॅस्टिकातून वीज जात नाही, ही आपली रोजची समजूत आहे. तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन चढवितात ते याच भरवशावर. प्लॅस्टिक हे बहुवारिक होय, म्हणजे लहान रेणूंचे असंख्य मणी ओवून केलेली लांब माळ. साध्या माळेत इलेक्ट्रॉन आपापल्या जागी अडकलेले असतात. परंतु माळेत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक असे आले, तर काही इलेक्ट्रॉन एका अणूचे न राहता दूरवर पसरतात. अशा माळेला संयुग्मी बहुवारिक म्हणतात. १९७७ मध्ये शिराकावा, मॅक्डायर्मिड आणि हीगर यांनी अशाच एका बहुवारिकावर आयोडिनची प्रक्रिया करून त्यातून वीज वाहती केली. त्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी याच जातीच्या दुसऱ्या बहुवारिकाचा पातळ पापुद्रा दोन विद्युत्‌-अग्रांमध्ये ठेवून वीज सोडली, आणि पापुद्रा हिरवट पिवळ्या रंगाने उजळला.

हा उजेड येतो कोठून? पापुद्र्यात एका बाजूने इलेक्ट्रॉन शिरतात, तर दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉन काढून घेतल्यामुळे रिकाम्या जागा निर्माण होतात. दोहोंची गाठ पडली की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो, आणि मधल्या अंतराइतकी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडू शकते. पायऱ्यांमधील अंतर मोठे असेल तर प्रकाश निळा, लहान असेल तर तांबडा. तेव्हा हवा तो रंग मिळविणे म्हणजे हे अंतर बेताने राखणे होय.

पण ऊर्जेला प्रकाशाखेरीज दुसऱ्याही वाटा आहेत. रेणू सैल असला, तर तो वळवळतो आणि ऊर्जा त्या हालचालीत खर्ची पडते. आपल्या कापडांना रंग देणाऱ्या ॲझो रंगांचे उदाहरण घ्या. ते प्रकाश उत्तम शोषतात, पण स्वतः सहसा उजळत नाहीत. त्यांच्या पोटात नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी असते, आणि प्रकाश पडताच रेणू त्या जोडीपाशी मुरडतो.

येथे बोरॉन कामास येते. बोरॉनच्या बाहेरच्या कक्षेत तीनच इलेक्ट्रॉन असतात. त्यांनी तीन बंध झाले, तरी एक जागा रिकामी राहते. नायट्रोजनपाशी वापरात नसलेली इलेक्ट्रॉनची एक जोडी असते. ती या रिकाम्या जागेत येऊन बसली, की चौथा बंध तयार होतो. अशा संयुगाला बोरॉनचे जटिल म्हणतात. त्यात दोन गोष्टी एकदम साधतात. बोरॉनच्या चिमट्यात सापडल्यामुळे रेणूची मुरड थांबते. शिवाय नायट्रोजनकडील इलेक्ट्रॉन बोरॉनकडे ओढले गेल्यामुळे वरची पायरी खाली येते आणि रंग तांबड्याकडे सरकतो. २०१८ मध्ये जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ॲझो रेणूला असा चिमटा लावून तो संयुग्मी माळेत ओवला. एरवी अंधारात राहणारा हा रेणू आता उजळला, आणि तोही तांबड्याच्या पलीकडील, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाने.

मग घट्ट बांधले की काम झाले, असे कोणी म्हणेल. तसे मात्र नाही. द्रावणात रेणू सुटे सुटे असतात, तेथे हा चिमटा पुरतो. पण उपयोगाचा पापुद्रा घन असतो. ताठ आणि सपाट रेणू त्यात पत्रावळींसारखे एकावर एक बसतात, आणि त्या दाटीत ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जात जात विझून जाते. द्रावणात झळाळणारे कितीतरी पदार्थ घनरूपात असे निस्तेज ठरले.

या अडचणीतून मार्ग दिसला तो उलट्या दिशेने. २००१ मध्ये हाँगकाँग येथे बेन झोंग टांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्रावणात मंद पण दाटीत तेजस्वी असा पदार्थ आढळला. त्याच्या रेणूवरील कडी द्रावणात भिंगरीसारखी फिरतात आणि ऊर्जा उधळतात. दाटीत त्यांना फिरावयास जागाच उरत नाही. पुढे क्योतोच्या शास्त्रज्ञांनी हे तत्त्व बोरॉनला लावले. ज्या जटिलात बोरॉन दोन ऑक्सिजनांना धरून होते, त्यातील एका ऑक्सिजनच्या जागी त्यांनी नायट्रोजन आणला. नायट्रोजनला एक हात अधिक, त्यामुळे त्यावर आणखी एक गट बसविता येतो. एवढ्या एका अणूच्या बदलाने द्रावणात मंद असणारा पदार्थ घनरूपात उजळू लागला.

येथेच या साऱ्या आखणीचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते. कोठे बांधावे आणि कोठे मोकळे सोडावे, हा विवेक म्हणजे आखणी. नुसते बांधले तर दाटीत तेज जाते, आणि नुसते सोडले तर ते वळवळीत जाते.

गमतीची गोष्ट अशी, की अशा माळा ओवतानाही पुष्कळदा बोरॉनच लागते. १९७९ मध्ये मियाउरा आणि सुझुकी यांनी प्रसिद्ध केलेल्या रीतीत बोरॉन कार्बनच्या दोन तुकड्यांची सोयरीक जुळवून देते आणि स्वतः बाजूला होते. सुझुकी यांना २०१० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे एक बोरॉन मध्यस्थासारखे लग्न लावून निघून जाते, तर दुसरे घरातच राहून दिवा लावते.

या खटाटोपाचे फळ काय? मोबाइलच्या उजळत्या पडद्यांत आज मुख्यतः लहान रेणू वापरतात. ते निर्वात जागी वाफ करून बसवावे लागतात. बहुवारिक मात्र द्रावकात विरघळवून शाईसारखे पसरता येते. दुसरा लाभ वैद्यकाचा आहे. अंधारात तळहाताखाली विजेरी लावून पाहा, बोटांच्या कडा तांबड्या दिसतात. तांबडा आणि त्यापलीकडचा प्रकाश मांसातून अधिक खोल जातो, म्हणून शरीराच्या आतले पाहण्यासाठी त्याची गरज असते. पण पायऱ्यांतील अंतर जितके लहान, तितकी ऊर्जा रेणूच्या कंपनांत सहज विरते. त्यामुळे हाच प्रकाश मिळविणे सर्वांत कठीण आहे. बोरॉनच्या चिमट्याची खरी कसोटी तेथेच लागणार आहे.