हक्क सोडताना राहिलेली खूण

महाराष्ट्रात वंशावळ म्हटली की मूळपुरुषापासून मुलगा, नातू, पणतू अशी उतरत जाणारी पुरुषांची साखळी डोळ्यांसमोर येते, आणि त्या घरात नांदलेल्या स्त्रियांना फार तर ‘अमक्याची पत्नी’ एवढीच ओळ मिळते. वंश व वतन पुढे कोणाकडे गेले हे सांगण्यासाठीच अशा वंशावळी रचल्या गेल्या असल्यामुळे, १९१०च्या सुमारास जन्मलेल्या एखाद्या सामान्य पणजीचे आयुष्य शोधायचे झाल्यास घराण्याच्या इतिहासापेक्षा तलाठ्याचे दप्तर, शाळेचे रजिस्टर आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या अधिक उपयोगी पडतात.

पहिली अडचण नावाचीच असते. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची प्रथा अनेक समाजांत होती. अशा लग्नात स्त्रीचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही नावे बदलत. परिणामी माहेरच्या गावातील मुलगी आणि सासरच्या गावातील सून या कागदोपत्री दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात, आणि त्यांना जोडणारा सरकारी कागद सहसा नसतो. हा दुवा घरातच शोधावा लागतो. जुनी लग्नपत्रिका, देण्याघेण्याच्या अटी नोंदवणारी लग्नाची याद, किंवा ट्रंकेच्या तळाशी राहिलेली जन्मपत्रिका यांपैकी काही हाती लागले, तर माहेरचे गाव आणि वडिलांचे नाव कळू शकते.

माहेरचे गाव कळल्यावर जुना ‘गाव नमुना १४’ पाहता येतो. गावातील जन्ममृत्यूंची ही नोंदवही लोकांच्या बोलण्यात ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाते. तिच्या जुन्या पानांवर पुष्कळदा बाळाचे नाव नसते, तर अमक्याला मुलगी झाली एवढाच मजकूर असतो, आणि तोही अनेकदा मोडी लिपीत असल्याने जाणकाराची मदत घ्यावी लागते. मुलगी शाळेत गेली असेल, तर शाळेच्या जनरल रजिस्टरात तिचे माहेरचे पूर्ण नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण मिळू शकते; मात्र त्यातली १ जून ही जन्मतारीख जपून घ्यावी, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे अनेक मुलांच्या नावापुढे ती सोयीने घातली गेली.

जुने कागद वाचताना काही शब्द माहीत असावे लागतात. पुरुषाच्या नावानंतर येणारा ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’, स्त्रीच्या नावानंतर येणारा ‘कोम’ म्हणजे ‘ची बायको’ आणि ‘भ्रतार’ म्हणजे नवरा. नावाआधीचे ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, आले असेल, तर मधल्या काळात ती विधवा झाली असे समजावे. अशा रीतीने दोन कागदांच्या तारखांवरून पतीच्या निधनाचा काळ ठरवता येतो.

सर्वांत भरघोस माहिती जमिनीच्या कागदांत सापडते. सातबारा उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात दिसणारा आकडा हा फेरफाराचा, म्हणजे हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो, आणि त्याच्या आधारे मूळ नोंदीपर्यंत जाता येते. पती वारला आणि मुले लहान असली, तर मुलांच्या नावांसोबत ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती, अशा खुणेने आईचे नाव लागे. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आल्यानंतर वडिलांच्या वारसांत मुलांसोबत मुलींनाही स्थान मिळाले, त्यामुळे त्यानंतर वारलेल्या बापाच्या वारस नोंदीत लग्न झालेल्या मुली सासरच्या नावाने दिसू लागतात. त्यांची नावे पुष्कळदा मुख्य रकान्याऐवजी ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिलेली आढळतात. मुलगी आणि सून या दोन्ही ओळखी अशा नोंदीत एकत्र येतात.

या वारस नोंदीच्या पाठोपाठ अनेकदा हक्कसोडपत्र येते. भावांसाठी बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा हा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला जातो. आपण कोण आहोत आणि कोणता हक्क सोडत आहोत हे त्यात स्पष्ट करणे आवश्यक असल्यामुळे तिचे नाव, वय, राहण्याचे गाव, पतीचे नाव आणि वडिलांशी असलेले नाते या गोष्टी इतर कुठल्याही कागदापेक्षा तेथे नेमकेपणाने लिहिल्या जातात. जमीन नावावर असताना जिची ओळख एका रकान्यात मावत होती, तिची पूर्ण ओळख ती जमीन सोडण्याच्या कागदात मिळते.

धार्मिक दप्तरांचा हेतू निराळा असल्याने तेथे स्त्रियांना थोडी अधिक जागा आहे. तीर्थश्राद्धात पित्याच्या बाजूच्या तीन पिढ्यांबरोबर मातृत्रयीचा, म्हणजे आई, आजी आणि पणजी यांचाही उच्चार होतो. म्हणून नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत पुरुषांच्या नावांसोबत घरातील स्त्रियांची नावेही सापडू शकतात. या कोणत्याही दप्तरात ज्या बायकांचा जन्म नोंदलेला नाही, त्यांचे वय घरातल्या आठवणींवरून बांधावे लागते. ‘मानमोडीच्या साली रांगत होती’ या वाक्यावरून, १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला मानमोडी म्हणत हे ठाऊक असल्यास, जन्माचे वर्ष १९१७च्या आसपास येते.

असे सर्व कागद एकत्र लावले तरी त्यांतील मजकूर बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेला असतो: जन्म कोतवालाने सांगितलेला, वय मास्तरांनी अंदाजाने घातलेले, नवे नाव सासरने ठेवलेले. तिला सही येत नसेल, तर हक्कसोडपत्राच्या शेवटी दस्तलेखकाने तिचे नाव लिहून त्याच्याशेजारी ‘निशाणी डावा अंगठा’ असे नमूद केलेले असते, आणि त्या दोन्हींच्या मध्ये उमटलेला शाईचा ठसा तेवढा तिने स्वतः केलेला असतो.