चढणीचे मासे

मृग नक्षत्राच्या पहिल्या सरी कोसळल्या, व्हाळांना तांबडे पाणी आले, की वाळपईच्या परिसरात लहानथोरांची पावले आपोआप पाण्याकडे वळतात. कोणी गरी घेऊन निघतो, कोणी जाळे. रात्री चुडी पेटवून मंडळी व्हाळात उतरतात. सत्तरीतल्या ज्या मुलाने हे चार दिवस अनुभवले, तो ते जन्मभर विसरत नाही. तथापि याच दिवसांत मासे एवढे विपुल का मिळतात, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

उन्हाळ्यात म्हादईचे व तिला मिळणाऱ्या व्हाळांचे पाणी आटते आणि मासे खोल कोंडींचा आश्रय घेतात. पाऊस पडताच पाणी वाढते, गार होते व त्याला ओढ लागते. माशाच्या दोन्ही अंगांस डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा असते. तिच्यायोगे त्याला प्रवाहाची हालचाल कळते. माद्यांच्या पोटात अंडी तयार असतातच. मग खवळे, मळये इत्यादी मासे प्रवाहाविरुद्ध उसळ्या घेत उथळ व्हाळांत व तेथून पाणथळ शेतांत चढतात. तेथे मोठ्या भक्षक माशांचे भय कमी आणि पिलांना सूक्ष्म जीवांचे खाद्य भरपूर. पाऊस ओसरू लागला की वाढलेली पिले पाण्याबरोबर नदीत उतरतात. हीच माशांची चढण होय.

असा प्रवास इतर देशींचे मासेही करतात. ट्राउट हा थंड पाण्यातील मासा. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची पैदास काश्मिरात व निलगिरीत सुरू झाली. गळाला पिसे व दोरा बांधून बनविलेली खोटी माशी पाण्यावर अलगद टाकून त्याला फसविणे, हा शौकिनांचा आवडता छंद आहे. आपल्या उष्ण नद्यांत ट्राउट जगणार नाही. परंतु तोही अंडी घालण्यासाठी खडीच्या उथळ ओढ्यांत चढतो. काश्मिरात त्या हिवाळी काळात त्याची शिकार बंद असते. गळ टाकणारा शौकीन वसंताची वाट पाहतो, म्हणूनच त्याला दरवर्षी मासा मिळतो.

आपल्या समुद्रातही यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. व्हाळाच्या बाबतीत मात्र आपणच आपल्याला आवर घातला पाहिजे. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असू शकतात. व्हाळाच्या अरुंद तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा सापळा लावून सारी वाट अडविली, तर टोपलीत पडते ती केवळ आजची नव्हे, पुढील सालचीही मासळी.

विद्यार्थिमित्रांनो, गरी टाकून पाण्याकडे टक लावून बसण्यातला आनंद मी तुम्हांला वर्ज्य करण्यास सांगत नाही. फक्त मृगातली वाट माशांना मोकळी सोडा. पोट फुगलेली मादी हाती लागली, तर तिला अलगद पाण्यात सोडा. पाऊस ओसरल्यावर, पाणी निवळल्यावर गरी घेऊन खुशाल जा. व्हाळात मासे असतील.